प्रोजेक्टर घेण्याआधी

अहिल्यानगर

प्रिय मित्रा,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. मेसेजला पत्रानं उत्तर देणारा नगर जिल्ह्यात मी एकटाच उरलो असेन, पण तू विचारलंयस ते अंगठ्यानं टाइप करून भागण्यासारखं नाही. तर तिकडे कॅनडात मंडळाच्या पोरांचं नाटक बसवतोयस, शाळेचं सभागृह मिळालंय, वर्गणीतून चार पैसे शिल्लक आहेत आणि समितीतल्या कुणीतरी सुचवलंय की मागं मोठा पडदा लावून प्रोजेक्टरवर वाडा, नदी, देऊळ सगळं दाखवून टाकू, म्हणजे नेपथ्याची कटकटच नको. 'तू एवढी वर्षं कॉलेजच्या पोरांच्या मागं विंगेत उभा असतोस, तुझं मत कळव,' म्हणतोस. मत एका ओळीत सांगतो: प्रोजेक्टर घेऊ नकोस, निदान आत्ता तरी. का, ते सांगायला बाकीचं पत्र आहे.

इकडे थंडी मी म्हणतेय आणि एकांकिकांचा हंगाम आहे. राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र नगरला असतं हे तुला ठाऊक आहेच. 1954 पासून चालत आलेली ही स्पर्धा. दिग्दर्शन आणि अभिनयाबरोबर प्रकाशयोजनेला, नेपथ्याला वेगळी बक्षिसं देणारी. शिवाय तू गेल्यानंतर सुरू झालेला महाकरंडक आहे. सावेडीच्या माउली सभागृहात त्यासाठी राज्यभरातले संघ उतरतात. आपल्या वेळी सदाशिव अमरापूरकरांचं नाव घेतलं की नगरच्या हौशी नटाची छाती दोन इंच फुगायची. आता पोरांना 'अर्धसत्य' यूट्यूबवर दाखवावा लागतो, पण छाती अजून फुगते.

पण नाटकाच्या तांत्रिक बाजूला नगरनं दिलेला सगळ्यात मोठा माणूस कोण, सांग बरं? तुला येणार नाही. स्पाइक मिलिगन. 16 एप्रिल 1918 ला आपल्या नगरात जन्मलेला, बाप इंग्रजी फौजेत. हे पोरगं पुढं बीबीसी रेडिओवर गेलं आणि 1951 ते 1960 'द गून शो' नावाचा धुमाकूळ घातला. त्या कार्यक्रमात निम्मे विनोद शब्दांचे आणि निम्मे आवाजांचे. कस्टर्डनं भरलेला मोजा भिंतीवर आपटला तर कसा आवाज येईल, हे ऐकण्यासाठी त्यानं बीबीसीच्या कँटीनमधून कस्टर्ड मागवलं आणि स्वतःचा मोजा काढून भरला, अशी गोष्ट सांगतात. हवा तसा आवाज आला नाही म्हणे! 1958 मध्ये बीबीसीनं चित्रविचित्र आवाज तयार करायला वेगळी कार्यशाळाच उघडली. तिनं पहिल्यावहिल्या दिवसांत जी कामं केली, त्यात या कार्यक्रमातल्या एका मेजरच्या बिघडलेल्या पोटाचा आवाजही होता. आता आपल्या पोरांना मी हे सांगतो, तेव्हा ती खिदळतात. मग मी विचारतो, रेडिओवर ना पडदा, ना दिवा, ना वेशभूषा. तरी लोकांना सगळं दिसत होतं, ते कशानं?

इथंच माझं म्हणणं येतं. आवाज, उजेड आणि पडद्यावरचं चित्र ही तिन्ही पात्रं आहेत. त्यांना संहितेत जागा लागते, पहिल्या दिवसापासून तालीम लागते आणि त्यांचं काम करणारं माणूस संघातलंच लागतं. आपल्याकडच्या कॉलेजांत काय होतं? नट महिनाभर घाम गाळतात, आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी मंडपवाल्याकडचा एक पोरगा येतो. त्याला नाटकाचं नावही माहीत नसतं. दिग्दर्शक त्याच्या कानाशी लागून 'आता निळा मार', 'आता बंद कर' असं ओरडत राहतो. परीक्षकांना संवादांपेक्षा तेच जास्त ऐकू येतं.

यंदा आमच्या पोरांनी विषय घेतला भुईकोट किल्ल्याचा. 9 ऑगस्ट 1942 च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना उचललं आणि गाडीत घालून नगरला आणलं. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव, असे बाराजण या किल्ल्यात होते. नेहरूंनी 1944 मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहिलं, हे शाळेत घोकलेलं असतं. पोरांनी मात्र नेहरूंना बाजूला ठेवून आझादांना धरलं. आझाद किल्ल्यातून आपल्या एका दूरच्या मित्राला, हबीबुर रहमान खान शेरवानींना, पत्रं लिहीत होते. पाठवायची सोय नव्हती, तरी लिहीत होते. पुढं 1946 मध्ये त्यांचं 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं. पहाटेच्या चहावर पत्र, संगीतावर पत्र, आणि खोलीत घरटं करायला आलेल्या चिमण्यांवरसुद्धा पत्र. आधी मौलाना त्या चिमण्यांशी लढाई करतात, मग हरतात, मग तांदळाचे दाणे टाकून त्यांच्याशी दोस्ती करतात.

आता तूच सांग, चिमण्या रंगमंचावर आणायच्या कशा? पहिल्याच वाचनाला एकजण म्हणाला, 'सर, पडद्यावर व्हिडिओ लावू.' दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी कोपऱ्यात बसली होती. ती फारशी बोलत नाही, नट म्हणून तिला कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, 'चिमण्या दिसल्या तर लोक चिमण्या बघतील, मौलानांकडं बघणार नाहीत.' त्याच क्षणी मी तिला आवाजाचं खातं देऊन टाकलं.

तिनं नेटवरून तयार आवाज उतरवले नाहीत. सुट्टीला आजोळी पाथर्डी तालुक्यात गेली, पहाटे पडवीत मोबाइल ठेवला आणि पत्र्याखालच्या चिमण्या टिपून आणल्या. त्यात मागं कुठंतरी बादलीचा आवाज होता, तो तिनं मुद्दाम ठेवला, कारण किल्ल्यातही सकाळी कुणीतरी पाणी भरत असणारच. मग सभागृहातले दोन मोठे स्पीकर सोडून एक बारका स्पीकर तिनं मौलानांच्या टेबलामागं, वर, दोरीनं बांधला. चिवचिवाट तिथूनच यायचा. नटानं मान वर केली की प्रेक्षकांच्याही माना वर. बघायला काही नव्हतं, तरी वर!

आणि खरी करामत पुढं. 9 एप्रिल 1943 ला कलकत्त्यात आझादांच्या पत्नी वारल्या. ते किल्ल्यात अडकलेले. पोरांनी त्या प्रसंगाला ना करुण व्हायोलिन लावलं, ना रडका आलाप. नाटकाच्या सुरुवातीपासून प्रत्येक सकाळच्या प्रवेशाखाली चिमण्या चालूच असायच्या, अगदी हळू, कानाला सवय व्हावी एवढ्याच. बातमी घेऊन माणूस आत येतो, कागद टेबलावर ठेवतो, आणि ती मुलगी आवाज बंद करते. एकदम नाही, मनात पाच आकडे मोजत हळूहळू खाली आणते. आवाज थांबला हे प्रेक्षकाला नेमकं सांगता येत नाही, पण सभागृहातली खुसफुस बंद होते. हे जमायला तिला प्रत्येक तालमीला नटांइतकंच हजर राहावं लागलं, कारण कागद ठेवणारा पोरगा रोज वेगळ्या चालीनं चालायचा. शेवटी दोघांनी एकमेकांची चाल ओळखली. यालाच मी तालीम म्हणतो.

आता तुझ्या उपयोगाच्या चार गोष्टी. लॅपटॉपवरून आवाज वाजवणार असाल तर स्पीकरला वायरच लावा. ब्लूटूथवर सेकंदाचा दहावा-पाचवा हिस्सा उशीर होतो. गाण्याला चालतं, थोबाडीत मारल्याच्या आवाजाला चालत नाही. मोबाइल वापरला तर फ्लाइट मोडवर, नाहीतर औरंगजेबाच्या दरबारात कुणाच्या तरी आत्याचा फोन वाजतो. फायलींची नावं 01, 02, 03 अशी क्रमानं, आणि प्रत्येक आवाज वेगळ्या फायलीत. स्पीकरमधून सतत गुणगुण येत असेल तर दिव्यांची आणि आवाजाची वीज एकाच लाइनवरून घेतलीय का ते बघ. बऱ्याचदा दुखणं तिथंच असतं. आणि रिकाम्या सभागृहात बेतलेला आवाज भरल्या सभागृहात कमी पडतो, कारण माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात. तुमच्याकडं तर प्रत्येकाच्या अंगावर नाहीतर मांडीवर जाडजूड कोट. ऐनवेळी थोडा वाढवायला जागा ठेव.

पोरांना माइक द्यायचा का, असंही विचारलंयस. शक्यतो नको. कॅनडात वाढलेल्या पोरांचं मराठी स्पष्ट ऐकू यायला माइकपेक्षा स्वर लांबवायची सवय जास्त कामाला येते. लावायचाच तर रंगमंचाच्या पुढच्या कडेला दोन ठेव आणि स्पीकर त्यांच्याही पुढं, प्रेक्षकांच्या बाजूला. स्पीकर माइकच्या मागं गेला की शिट्टी आलीच समज.

उजेडाचं प्रकरण निराळं. आपल्या वेळचे ते हजार वॅटचे पार दिवे आठवतात? 230 व्होल्टवर एक दिवा चारच्या वर अँपिअर ओढायचा. बारा लावले की पन्नाशी पार, आणि कॉलेजच्या फ्यूजनं राम म्हटला. आता सगळे एलईडी. बाराही मिळून पूर्वीच्या दोन दिव्यांइतकी वीज घेतात. तुमच्याकडं 120 व्होल्ट, म्हणजे जुना हजाराचा एकच दिवा आठ अँपिअर खाणार. शाळेच्या साध्या सॉकेटवर दुसरा लावायचा विचारही करू नकोस. म्हणून तुलाही एलईडीच बरे.

पण या एलईडीनं एक रोग आणलाय. बटण दाबलं की लाल, हिरवा, जांभळा. लग्नाच्या स्टेजवर तो नवरा-नवरीला शोभतो, मौलाना आझादांना नाही. पोरांच्या हातात कंट्रोलर आला की प्रत्येक भावनेला एक रंग: राग आला, लाल, दुःख झालं, निळा, भूत आलं, हिरवा. आमच्या प्रकाशयोजनाकाराला (वाणिज्य शाखेचा, हिशेबाचा पक्का) मी एकच अट घातली, की पहिल्या सगळ्या तालमी पांढऱ्या आणि पिवळसर उजेडातच करायच्या, आणि उजेड कुठल्या बाजूनं येतो एवढंच ठरवायचं. किल्ल्यातल्या खोलीला खिडकी कुठं? सकाळी ऊन कुठून शिरणार? एवढं ठरलं की निम्मं काम झालं. त्यानं उजवीकडून, खांद्याच्या उंचीवरून एकच दिवा तिरपा टाकला आणि समोरून अगदी मंद, नुसते डोळे दिसतील एवढा. वेळ पुढं सरकली हे दाखवायला तो दिवा मंद करत डावीकडचा वाढवत नेला. रंग बदलला नाही, सावली मात्र या भिंतीवरून त्या भिंतीवर गेली आणि सगळ्यांना संध्याकाळ कळली.

गजांच्या सावल्यांचा किस्सा तर ऐकच. मौलानांच्या अंगावर तुरुंगाचे गज पडावेत असं दिग्दर्शकाच्या मनात. पुठ्ठ्यात पट्ट्या कापून एलईडी पारपुढं धरल्या, तर सावल्यांची नुसती भुतं. त्या दिव्यात बारीक बारीक खूप दाणे असतात ना, प्रत्येक दाणा आपापली सावली पाडतो आणि सगळं पुसट होतं. रंग मिसळलेले असतील तर कडांना तांबड्या-निळ्या झालरी. मग त्या हिशेबनिसानं एकाच दाण्याची बॅटरी आणली, शेतावर रात्री पाणी द्यायला जाताना नेतात तसली. पुढची काच आणि वाटी काढून टाकली आणि पुठ्ठ्यामागं ठेवली. गज असे उमटले की हात लावून बघावेत. पुठ्ठा बॅटरीच्या जवळ नेला की गज मोठे, लांब नेला की बारीक. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात तो याच हिशेबावर: एक ज्योत, एक कापड आणि मधलं अंतर.

कलकत्त्याच्या तापस सेन यांचं नाव तू ऐकलं असशील. उत्पल दत्तांच्या 'अंगार'मध्ये, 1959 साली, त्यांनी खाणीत पाणी चढताना दाखवलं. कामगार बुडतायत आणि रंगमंचावर पाण्याचा थेंब नाही, सगळा उजेडाचा खेळ. बंगालबाहेरही त्याची चर्चा झाली. आपल्याकडंही 1933 मध्ये नाट्यमन्वंतरनं 'आंधळ्यांची शाळा' केलं, तेव्हा रंगवलेले पडदे जाऊन खरीखुरी वाटणारी खोली आली आणि नाट्यपदांच्या जागी प्रसंगाखालून वाहणारं पार्श्वसंगीत आलं. म्हणजे तुझी समिती आज प्रोजेक्टरवर जो वाडा दाखवू म्हणतेय, तो रंगवलेला पडदाच आहे, फक्त विजेवर चालणारा. नव्वद वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवलेली वस्तू पुन्हा कशाला सोडायची?

पडद्याला माझा विरोध नाही, बरं का. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली, तेव्हा सिनेमा यायचा होता. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, दिव्यामागून दिवे, आणि चित्रं अशी सरकवायची की रामायण-महाभारतातली पात्रं हलताना दिसावीत. पण चित्राबरोबर बोलणारी, गाणारी जिवंत माणसं होती. चित्र आणि माणूस यांची तालीम एकत्र झालेली असायची, म्हणून लोक बघायला गर्दी करायचे.

आमच्या एकांकिकेतही प्रोजेक्टर होता. एकदाच वापरला. कैद्यांनी वाळत घातलेली एक चादर दोरीवर होती. मौलाना पत्र लिहायला बसले की त्या चादरीवर उजवीकडून डावीकडं उर्दू अक्षरं उमटत जायची, कुणीतरी आत्ता लिहितंय अशी. उर्दू शाळेतल्या एका शिक्षकांकडून ती लिहून घेतली होती. नट टाक उचलायचा, अक्षर थांबायचं. नट पुन्हा टेकवायचा, अक्षर पुढं. हे जुळवायला आधी वाटलं व्हिडिओ एकसलग ठेवू आणि नटाला त्याच्या मागं धावायला लावू. ती आवाजवाली मुलगी म्हणाली, 'नट का धावेल? चित्रानं थांबावं.' मग एका वाक्याचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा नटाच्या हातावर नजर ठेवून सोडला.

यात दोन अडचणी येतातच. पहिली अशी की प्रोजेक्टरचा काळा हा काळा नसतो. पूर्ण अंधार करावा तर पडद्यावर करड्या उजेडाचा चौकोन तसाच तरंगत राहतो आणि अंधाराची सगळी मजा जाते. उपाय पुठ्ठ्याचा: भिंगापुढं बिजागरीवर एक झडप आणि तिला दोरी, अंधार हवा तेव्हा दोरी सोडायची. दुसरी अडचण उजेडाची. नटावर टाकलेला दिवा पडद्यावर सांडतो आणि चित्र फिकं पडतं. म्हणून नट पडद्यापासून सहा-सात फूट पुढं आणि दिवे बाजूनं. आता तुझ्या समितीचा वाडा मागं झगमगत असेल तर तो दिसावा म्हणून नटांवरचा उजेड कमी करावा लागेल. आई-बाप आपल्या पोरांची तोंडं बघायला आलेले असतात, रे! त्यांना कोकणातल्या नदीचा व्हिडिओ घरी फुकट दिसतो.

स्पर्धेचा एक फायदा असतो. मांडामांडीला मोजकी मिनिटं मिळतात, दिवे सगळ्या संघांना मिळून टांगलेले, त्यामुळं चैन करता येत नाही आणि काय लागतं, काय नुसतंच बरं दिसतं, याची चाळणी आपोआप होते. पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकात तर भर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावरच. काही पोरं त्याचा अर्थ 'तंत्र वाईट' असा काढतात. मी त्यांना म्हणतो, तंत्र हे मिठासारखं, पानात वेगळं वाढायचं नाही. आणि ते नसतानाही नाटक चालतं का हे बघायला आपल्याकडं महावितरण आहेच. एका तालमीला वीज गेली तर आमच्या मौलानांनी तसंच पुढं चालू ठेवलं, आणि चिमण्यांच्या जागी त्या मुलीनं ओठांनीच चिवचिव केली. सगळ्यांना हसू आलं, पण प्रवेश पडला नाही.

तर तू असं कर. पैसे खर्चायचेच असतील तर एक बरा स्पीकर भाड्यानं आण, चार एलईडी आण, आणि उरलेल्या पैशात तालमीला पोरांसाठी वडापावाची सोय कर. तुमच्या मंडळात नट व्हायला लाजणारी, पण लॅपटॉपवर बोटं नाचवणारी दोन-तीन पोरं असतीलच. त्यांना पहिल्या वाचनाला बोलाव. त्यांच्या हातात संहिता दे आणि शिसपेन्सिल दे, पेन नको, कारण सगळं खोडावं लागणार आहे. कुठल्या शब्दावर, कुठल्या हालचालीवर काय बदलणार ते त्यांनाच समासात लिहू दे, क्रमांक घालून. नाटक उभं राहिलं की एक दिवस संवाद गाळून नुसती तांत्रिक तालीम घे: एका खुणेवरून थेट पुढच्या खुणेवर. नट कंटाळतील, कंटाळू देत. आणि प्रत्येक आवाज, प्रत्येक दिवा एकदा काढून बघ. त्याच्यावाचून प्रवेश लंगडत नसेल तर तो परत लावू नकोस.

एवढं करूनही तुझ्या समितीला पडदा हवाच असेल तर भांडू नकोस. पडदा लाव, पण त्यावर काय आणि कधी येणार हे त्या पेन्सिलवाल्या पोरांना ठरवू दे. समितीला पहिल्या रांगेत बसव आणि चहा पाज. संहिता मला धाड, समासासकट. पोरांनी काय लिहिलंय ते मला आधी वाचायचंय, तुझं दिग्दर्शन नंतर बघू.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
विंगेतला मित्र